दिवसभर पुस्तक हातात, तरी गणितात मागे का?

कसबा बावड्यातून एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा नववीत, मराठी माध्यमाच्या शाळेत सेमी इंग्लिशला. आठवीपर्यंत मार्क बरे होते. पहिल्या सत्रात मात्र बीजगणितात ४० पैकी १४, भूमितीत ४० पैकी ११, विज्ञानात जेमतेम पास. सकाळी साडेसहाला एक क्लास, दुपारी शाळा, संध्याकाळी दुसरा क्लास आणि रात्री साडेअकरापर्यंत पुस्तक. दिवाळीपासून त्याचा फुटबॉल बंद केला आहे. वडील शिरोली एमआयडीसीत टर्नर आहेत. ते म्हणतात, "याच्या डोक्यात काही बसत नाही, दहावी झाली की आयटीआयला घालू." आई विचारते, "तिसरा क्लास लावू का? सेमी काढून टाकू का? आणि खरं सांगा सर, माझा मुलगा मठ्ठ आहे का?" सोबत वह्यांचे आणि तपासलेल्या पेपरांचे फोटो आहेत.

ताई, सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही. मुलगा मठ्ठ नाही आणि आळशी तर मुळीच नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही, तुम्ही पाठवलेल्या फोटोंत ते दिसतंय.

भूमितीच्या पेपरातला समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयाचा प्रश्न काढून बघा. दोन बाजू एकरूप असतील तर त्यांच्या समोरचे कोन एकरूप असतात, हे सिद्ध करायचं होतं. पेपरात आकृती छापलेली आहे, त्रिकोण पी-क्यू-आर, आणि समान बाजू क्यूपी व क्यूआर. म्हणजे कोनाचा दुभाजक क्यू मधून निघायला हवा. त्यानं खाली अख्खी सिद्धता लिहिली आहे, एकही पायरी गाळलेली नाही. पण ती ए-बी-सी त्रिकोणाची आहे. कोन ए चा दुभाजक काढला, तो बीसी ला डी मध्ये छेदतो, मग बाजू-कोन-बाजू कसोटीनं दोन त्रिकोण एकरूप, म्हणून कोन एकरूप. पुस्तकात जसं आहे तसं, शब्दाला शब्द. समोरच्या आकृतीत ए, बी, सी, डी यांतलं एकही अक्षर नाही, हे त्याच्या लक्षातसुद्धा आलेलं नाही. सरांनी शून्य दिलं आणि त्यांचं बरोबरच आहे.

आता सांगा, एवढी मोठी सिद्धता जशीच्या तशी पाठ करणाऱ्या मुलाच्या डोक्यात बसत नाही असं कसं म्हणायचं? डोक्यात पुष्कळ बसलंय. पण अभ्यास म्हणजे वाचायचं, उतरवायचं आणि पाठ करायचं एवढंच त्याला माहीत आहे. अभ्यास कसा करायचा हे त्याला आजवर कुणी शिकवलेलं नाही. आठवीपर्यंत पाठांतरावर निभावतं. नववीला संच, वास्तव संख्या, बहुपदी असं एकामागून एक सुरू होतं, भूमितीत सिद्धता येतात, मागचं पक्कं नसेल तर पुढचं कळत नाही, आणि चांगली चांगली मुलं इथं अडखळतात. माझ्याकडं येणाऱ्या पालकांत नववीच्या पहिल्या सत्रानंतर घाबरलेले पालक फार असतात, तेव्हा तुम्ही एकट्या नाही.

त्याची वहीसुद्धा तेच सांगते. अक्षर सुरेख, दोन रंगांची पेनं, पानोपानी रेघा. सगळं फळ्यावरून उतरवलेलं. पान पुन्हा पुन्हा वाचलं की ते ओळखीचं होतं आणि मुलाला मनापासून वाटतं की हे मला येतंय. ओळखीचं होणं आणि पुस्तक मिटून आठवणं यांत फार अंतर आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. रात्री "सगळं येतंय" म्हणून झोपलेला मुलगा परीक्षेत कोरा का होतो, ते यातून कळतं. तुमचा मुलगा फुटबॉल खेळतो, त्याला हे लगेच पटेल. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून कितीही मॅच बघितल्या तरी पायात पास येत नाही, त्यासाठी मैदानात उतरावं लागतं.

मग करायचं काय? शाळेतून आला, खाल्लं-प्यालं, की कोरा कागद घेऊन बसवा. वही, पुस्तक, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आज गणितात आणि विज्ञानात काय झालं ते पंधरा मिनिटं आठवून लिहायचं. मराठीत, मोडक्या-तोडक्या वाक्यांत, आकृत्या काढून, कसंही चालेल. मग वही उघडायची आणि जे सुटलं किंवा चुकलं ते लाल पेनानं भरायचं. तोच कागद तीन दिवसांनी पुन्हा, न बघता. मग आठवड्यानं. प्रमेय असेल तर दर वेळी आकृतीची नावं बदलायची आणि त्रिकोण फिरवून काढायचा, म्हणजे पाठ केलेली सिद्धता तिथं चालणारच नाही, विचार करावाच लागेल.

पहिले पंधरा दिवस तो वैतागेल. कागदावर चार ओळी येतील आणि लाल पेनच जास्त दिसेल. त्या वेळी "एवढंच आठवलं?" असं कुणी म्हणू नका, वडिलांनाही सांगून ठेवा. आठवायला जो त्रास होतो त्यातूनच ते पक्कं होतं.

गणिताचं आणखी एक आहे. पुस्तकातले सरावसंच एकेका प्रकारच्या उदाहरणांचे असतात. तीन उदाहरणं सोडवली की चौथं हात आपोआप सोडवतो, कारण कुठली रीत लावायची ते आधीच ठरलेलं असतं. परीक्षेत हे उदाहरण कुठल्या प्रकरणातलं आहे ते कुणी सांगत नाही. म्हणून घरी सगळी उदाहरणं बरोबर येतात आणि पेपर बघितला की गोंधळ उडतो. यावरही २००७ साली रोहरर आणि टेलर यांनी प्रयोग केला होता. एकेक प्रकार सलग सोडवणाऱ्यांना आठवड्यानंतर २० टक्के गणितं जमली, मिसळून सोडवणाऱ्यांना ६३ टक्के. गंमत म्हणजे सराव करताना मिसळून सोडवणारेच जास्त चुकत होते! तेव्हा रविवारी सकाळी एक काम करा. झालेल्या प्रकरणांतली आणि संकीर्ण प्रश्नसंग्रहांतली उदाहरणं चिठ्ठ्यांवर लिहून एका डब्यात टाका. त्यानं दहा चिठ्ठ्या काढायच्या आणि प्रत्येक वेळी सोडवण्याआधी "हे कशातलं आहे आणि कशावरून" एवढं तोंडानं सांगायचं. हे ऐकायला तुम्हाला गणित यायची गरज नाही. तुम्ही शिलाईचं काम करता करता ऐकू शकता. तो अडखळला की तुम्हाला कळेलच.

सेमीबद्दल. एवढ्यात काढू नका. आधी एक बघा. बीजगणिताच्या पेपरात त्याचं ज्या ज्या शाब्दिक उदाहरणांत चुकलं, ती तुम्ही किंवा त्याच्या ताईनं मराठीत वाचून दाखवा. मराठीत ऐकल्यावर समीकरण बरोबर मांडलं, तर गणित येतंय आणि अडचण भाषेची आहे. बालभारतीची दोन्ही माध्यमांची पुस्तकं प्रकरणाला प्रकरण जुळणारी आहेत आणि ई-बालभारतीवर फुकट मिळतात. मराठीचं पुस्तक शेजारी ठेवून आधी मराठीत समजून घ्यायचं, मग इंग्रजीत लिहायचं. यात कमीपणा काही नाही. दोन्ही भाषांत अडलं तर कच्चं प्रकरणच आहे असं समजा आणि सातवी-आठवीचं पुस्तक काढून अपूर्णांक, बैजिक राशी, एकचल समीकरणं पुन्हा करून घ्या. दोन-तीन आठवड्यांचं काम आहे.

तिसरा क्लास लावू नका, असं मी ठामपणे सांगतो. उलट दोनातला एक बंद करा. क्लासला जाऊन तो पुन्हा ऐकतो आणि पुन्हा उतरवतो, आणि स्वतः आठवायला, चुकायला त्याला दिवसात तासभरसुद्धा मिळत नाही. सकाळचा क्लास गाठायला साडेपाचला उठायचं आणि साडेअकराला झोपायचं म्हणजे सहा तास झोप. या वयाला आठ ते दहा तास लागते. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, ती झोप कापून वाढवलेला अभ्यास हाती लागत नाही. फुटबॉल पुन्हा सुरू करा, आठवड्यातले तीन-चार दिवस तरी. खेळ काढून घेतलेलं पोर अभ्यासाला बसतं, पण चिडून बसतं.

तो आजोबांना रोज पेपर वाचून दाखवतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणून वाचनाच्या अडचणीची शंका मला फारशी वाटत नाही. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या एखाद्या आईबापाच्या मुलाला मराठी वाचतानाही अक्षरं लावावी लागत असतील, ओळी सुटत असतील, तोंडी सगळं येतं आणि लिहिताना कोलमडतं असं पहिली-दुसरीपासून चाललं असेल, तर ओरडून, मारून ते जाणार नाही. ती अध्ययन अक्षमता असू शकते. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात तिचा समावेश आहे. तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळालं तर दहावी बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. कागदपत्रांना वेळ लागतो, तेव्हा नववीतच शाळेत मुख्याध्यापकांना भेटा. आणि तुमच्या मुलाचे डोळे मात्र सीपीआर रुग्णालयात एकदा तपासून आणा. वहीत फळ्यावरून उतरवलेले आकडे दोन-तीन ठिकाणी चुकलेत, ते दिसत नसल्यामुळंही असेल.

आता आयटीआय. तुमच्या मिस्टरांचा राग मी समजू शकतो, दिवसभर मशीनवर उभं राहून ते पोराच्या क्लासची फी भरतात. पण आयटीआय ही नापास मुलाला द्यायची शिक्षा नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखान्यांत चांगल्या टर्नर-मशिनिस्टला मान आहे, आणि ते त्यांच्याइतकं कुणाला माहीत? तिथंही वर्कशॉप कॅल्क्युलेशन आणि ड्रॉइंग असतंच, तेव्हा गणित टाळायला तिकडं जाऊन उपयोग नाही. मुलाला हातानं करण्याची ओढ असेल तर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा, दोन्ही वाटा दहावीनंतर उघड्या आहेत. आत्ताच्या एका सत्राच्या मार्कांवरून त्या ठरवू नका.

त्यांना माझा एक निरोप द्या. दुसऱ्या सत्रात भूमितीला त्रिकोणमितीचं प्रकरण आहे. ते सुरू झालं की एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी पोराला टेपर टर्निंग, म्हणजे लेथवर दांडा एका टोकाकडं निमुळता कापणं, समजावून सांगावं. मोठा व्यास ४०, लहान व्यास ३०, लांबी ५० मिलिमीटर. व्यासांतला फरक १०, त्याला लांबीच्या दुपटीनं, म्हणजे १०० नं भागलं की ०.१. हा त्या कोनाचा टॅन, आणि कंपाउंड स्लाइड, म्हणजे लेथवर हत्यार तिरपं सरकवणारा भाग, सुमारे ५.७ अंशांवर लावायची. पुस्तकातला टॅन आपल्या वडिलांच्या रोजच्या कामात आहे, हे त्याला अजून कुणी सांगितलं नसणार. घरात गणिताचा जाणकार माणूस आहे, तो फक्त आजवर मार्क विचारत आलाय.

दुसऱ्या सत्राची घटक चाचणी झाली की पेपरांचे फोटो पुन्हा पाठवा, आणि त्यासोबत त्याच्या रोजच्या आठवण्याच्या कागदांतले कुठलेही पाच-सहा. मार्क तेवढ्यात वाढले असतील असं नाही, पण कुठं अडतंय ते त्या कागदांवरून मला नेमकं सांगता येईल. आणि हे पत्र वाचून झालं की त्यालाही वाचायला द्या.