कायदेविषयक सल्ला : हेपॅटायटिस सीची चाचणी आणि नोंदवहीतले रकाने

आपले पत्र मिळाले. आपण एका स्वयंसेवी संस्थेच्या व्यसनमुक्ती केंद्रात परिचारिका आहात आणि तिथे येणाऱ्या प्रत्येकाची हेपॅटायटिस सीची (रक्तातून पसरणाऱ्या, यकृताच्या विषाणूजन्य आजाराची) चाचणी व्हावी यासाठी आपली धडपड चालू आहे; परंतु बरेच जण रक्त द्यायला तयार होत नाहीत. म्हणून विश्वस्तांनी चाचणी सक्तीची करण्याचे ठरवले आहे. त्यातच एका हवालदाराने 'सुई टोचून घेणाऱ्यांची यादी' तोंडी मागितली आहे आणि एका रुग्णाचे वडील मुलाचा अहवाल आपल्याच हाती द्यावा म्हणून अडून बसले आहेत. जुनी नोंदवही नष्ट करावी का, असेही आपण शेवटी विचारले आहे.

आपण लिहिलेला एक प्रसंग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एक तरुण चाचणीला तयार होऊन बसला होता, त्याचे बोट स्पिरिटने पुसूनही झाले होते. तेवढ्यात टेबलावर उघड्या पडलेल्या वहीत आधीच्या माणसाचे पूर्ण नाव, पत्ता आणि त्यापुढचे 'काय टोचतो', 'कधीपासून', 'कोणाकडून घेतो' हे रकाने त्याने समोरच्या बाजूने, उलटे असतानाही वाचले आणि तो उठून निघून गेला. सुईची त्याला सवयच होती. तो वहीला घाबरला, आणि वकील म्हणून मला सांगावे लागते की त्याची भीती अनाठायी नव्हती.

आपल्याकडे अमली पदार्थ बाळगणेच नव्हे, तर त्यांचे सेवन करणे हाही गुन्हा आहे. 1985च्या एनडीपीएस कायद्याच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, कलम 27 नुसार हेरॉइन, मॉर्फिन किंवा कोकेनच्या सेवनासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि इतर बहुतेक अमली पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, हे पुष्कळांना ठाऊक असते; परंतु परिचारिका म्हणजे पोलीस नव्हे, त्यामुळे आपल्यापुढे सांगितलेली आणि आपण वहीत लिहून ठेवलेली गोष्ट आपोआप पुराव्याबाहेर जात नाही. न्यायालये अशा कबुलीला सहसा दुय्यम वजन देतात, हे खरे. पण ज्याच्यावर खटला उभा राहतो, त्याला एवढ्यावर निवांत झोप लागत नाही.

आता सक्तीविषयी. विश्वस्तांचा हेतू चांगला असला तरी हा ठराव मंजूर होऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या 2008च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाची संमती समजून-उमजून व स्वेच्छेने दिलेली असली पाहिजे आणि एका गोष्टीसाठी दिलेली संमती दुसऱ्या गोष्टीसाठी वापरता येत नाही, हे तत्त्व सांगितले आहे. चाचणी केल्याशिवाय खाट मिळणार नाही, असे सांगून घेतलेली सही स्वेच्छेची ठरत नाही, आणि साखरेच्या तपासणीसाठी काढलेल्या रक्तातून गुपचूप हेपॅटायटिस पाहणे तर त्याहून वाईट. शिवाय सक्ती झाली की माणसे केंद्रातच येणार नाहीत, हे मी आपल्याला सांगायला नको.

सक्ती आणि नुसती वाट पाहणे यांच्या मधला मार्ग कायद्याला पूर्ण मान्य आहे. 'इथे येणाऱ्या प्रत्येकाला ही चाचणी आम्ही सुचवतो. आपल्याला नको असेल तर तसे सांगा, उपचारांवर काहीही परिणाम होणार नाही', हे वाक्य प्रत्येकाला, कोणताही वैयक्तिक प्रश्न न विचारता, त्याच शब्दांत सांगावे. चाचणी सर्वांनाच सुचवली जात असेल, तर ती का सुचवली हे लिहिण्याची गरज उरत नाही, आणि 'काय टोचतो' हा रकाना आपोआप निरुपयोगी होतो. समुपदेशकाला व्यसनाचा इतिहास उपचारासाठी लागतो, तो त्याच्या स्वतंत्र कागदांत राहील. 'कोणाकडून घेतो' या रकान्याचा तर यकृताशी काडीचाही संबंध नाही. तो कोणी आणि कशासाठी घातला असेल, याचे मला नवल वाटते, जरी असे नमुने फुगवण्यात माझ्याच व्यवसायातल्या मंडळींचा हातभार असतो, हे मान्य केले पाहिजे.

संमतिपत्राच्या मसुद्यात एक सुधारणा करावी. पहिली चाचणी अँटिबॉडीची, म्हणजे विषाणूशी लढताना शरीर तयार करते त्या प्रथिनाची, असते आणि ती बोटातल्या थेंबभर रक्तावर होते; ज्यांच्या हातांच्या शिरा टोचून टोचून खराब झालेल्या असतात, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. मात्र अँटिबॉडी आढळणे म्हणजे आजार असणे नव्हे: काहींच्या शरीरातून विषाणू आपसूक जातो, काहींचा उपचारांनी जातो, आणि तरीही अँटिबॉडी राहते. विषाणू आज रक्तात आहे का, हे आरएनए चाचणीच सांगते. पहिल्या निकालानंतर 'पुन्हा या' म्हटले की बरेच जण येत नाहीत, असे आपणच लिहिले आहे. त्यासाठी संमतिपत्रात दोन्ही चाचण्यांची नावे सुरुवातीलाच सोप्या भाषेत लिहून एकाच वेळी संमती घ्यावी, म्हणजे पहिली चाचणी सकारात्मक येताच त्याच बैठकीत पुढचा नमुना घेता येतो आणि संमतीचा प्रश्न पुन्हा उभा राहत नाही. आजार निघाला तर 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि सिरॉसिस (यकृत कठीण होऊन निकामी होत जाणे) नसलेल्या बहुतेकांचा उपचार 12 आठवड्यांच्या गोळ्यांचा असतो, हेही त्याच कागदावर असावे. 'आधी नशा सोडा, मग औषध' अशी अट कोणत्याही कायद्यात नाही.

वह्या दोन कराव्यात. एकीत नाव आणि सांकेतिक क्रमांक, दुसरीत केवळ क्रमांक आणि निकाल. पहिली कुलपात, किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे. आपण त्याच वेळी एचआयव्हीची चाचणीही करता. त्या माहितीची गुप्तता 2017च्या एचआयव्ही कायद्याने कडकपणे बांधलेली आहे. त्या कायद्याच्या कलम 22 मध्ये सुया बदलून देण्याच्या कार्यक्रमाला फौजदारी जबाबदारीतून वगळले आहे, पण हेपॅटायटिस सीसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून दोन्ही निकालांना एचआयव्हीच्याच नियमाने वागवावे, हे सुरक्षित. याखेरीज 2017च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्था येतात, आणि त्याचे कलम 23 आपल्या रुग्णांना गोपनीयतेचा हक्क देते.

हवालदाराची मागणी तोंडी आहे, तोवर ती विनंतीच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 33 मध्ये ज्या गुन्ह्यांची खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, त्यांत अमली पदार्थांचे सेवन नाही. तेव्हा खबर न दिल्याने आपण गुन्हेगार ठरत नाही. मात्र एका विशिष्ट तपासात ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याने कलम 94 खाली लेखी आदेश दिला, किंवा अधिकारप्राप्त अधिकाऱ्याने एनडीपीएसच्या कलम 67 खाली माहिती मागवली, तर तो कागद टोपलीत टाकता येणार नाही. त्या वेळी आवक नोंद करावी, वकिलाला दाखवावा आणि जेवढे मागितले तेवढ्याचेच उत्तर द्यावे. 'सगळ्यांची यादी द्या' ही कोणत्याही एका गुन्ह्याच्या तपासाची भाषा नव्हे, असे लेखी कळवण्याचा अधिकार आपल्याला आहे. केंद्राच्या आवारात कोणी नशा करत असेल आणि आपण ते जाणूनबुजून चालू देत असाल, तर मात्र एनडीपीएसच्या कलम 25 खाली केंद्रच अडचणीत येईल. तिथे सवलत नाही.

रुग्णांना धीर देताना एनडीपीएसच्या कलम 64-अ चा उल्लेख जपून करावा. क्रमांकाचा आधार दिला की माणसे त्याला अभयपत्र समजतात. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातील पदार्थाचा आरोप असलेला व्यसनी सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर हे संरक्षण काढून घेता येते. नुसत्या हेपॅटायटिस चाचणीसाठी आलेल्याला हे कलम लागू होत नाही. आपल्या केंद्राची मान्यता चालू आहे का, तिची मुदत कधी संपते, हे आजच पाहावे.

वडिलांना अहवाल देऊ नये. मुलगा सज्ञान आहे, आणि मानसिक आरोग्य कायद्याखाली त्याने वडिलांना आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमले असेल, तरच त्या कर्तव्यापुरती माहिती देता येते. मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड या 1998च्या निकालात ओळख निश्चित असलेल्या व्यक्तीला धोका असताना गुप्ततेला अपवाद मान्य झाला होता, हे खरे. पण हेपॅटायटिस सी एकत्र जेवण्याने किंवा मिठी मारण्याने पसरत नाही. घरात वस्तरा आणि टूथब्रश कोणी कोणाचा वापरू नये, एवढे वडिलांना कोणाचेही नाव न घेता सांगता येते, आणि तेवढ्याने त्यांची काळजी निम्मी उतरेल.

जुनी वही फाडू किंवा जाळू नये. पुरावा म्हणून सादर होऊ शकणारा दस्तऐवज तो सादर होऊ नये म्हणून नष्ट करणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 241 खाली गुन्हा आहे, आणि हवालदाराने मागणी केल्यानंतर आपला हेतू निर्मळ होता हे पटवून देणे कठीण जाईल. शिवाय आंतररुग्णांचे वैद्यकीय अभिलेख तीन वर्षे जपण्याचे बंधन डॉक्टरांवर आहेच. शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारावी, तारीख घालून आपण आणि डॉक्टरांनी सही करावी, वही पाकिटात सीलबंद करून कपाटात ठेवावी, आणि दुसऱ्या दिवशीची पहिली नोंद नव्या वहीत, क्रमांकानेच करावी.