नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात पहिल्यांदा जाताना

प्रश्न: आई-वडिलांना घेऊन नांदेडला हुजूर साहिबला जायचंय. शीख धर्म नेमकं काय मानतो आणि आत कसं वागायचं?

गुरुद्वाऱ्यात मूर्ती नसते, गुरू असतात, तेही ग्रंथरूपात. एवढं कळलं की तिथल्या बहुतेक रीतींचा अर्थ लागतो. १७०८ साली नांदेडलाच दहावे गुरू गोविंदसिंगांनी सांगितलं की यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथच गुरू, म्हणजे गुरू ग्रंथ साहिब. म्हणून ग्रंथावर चांदवा असतो, चवरी ढाळतात, पहाटे 'प्रकाश' करतात म्हणजे ग्रंथ उघडून आसनावर ठेवतात, आणि रात्री 'सुखासन', म्हणजे तो मिटून विश्रांतीला नेतात. त्याच्या १४३० पानांना पानं नव्हे, 'अंग' म्हणतात. त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, त्यामुळे वारकरी घरातल्या माणसाला तिथे फारसं परकं वाटत नाही.

ईश्वर एक आणि निराकार, जातपात अमान्य. रोजच्या जगण्याची सूत्रं तीन: नाम जपा, कष्टाने कमवा, वाटून खा. न कापलेले केस, कंगा, कडं, कच्छेरा (आखूड चड्डी) आणि किरपाण हे पाच ककार १६९९ च्या खालसा (दीक्षा घेतलेल्या शिखांचा पंथ) स्थापनेपासूनचे. ते अमृत घेतलेल्यांना, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेल्यांना, बंधनकारक असतात. प्रत्येक शिखाने अमृत घेतलेलं असतंच असं नाही. त्यामुळे दाढी कापलेला शीख दिसला तर 'हा खरा का?' असं विचारू नका.

आता तयारी. तंबाखूची पुडी, सिगारेट, दारू बाहेरच ठेवा. याबाबत कसलीही सूट नाही. चपला जोडेघरात ठेवा, पाय धुवा, डोकं झाका. खिशातला रुमाल लहान पडतो आणि माथा टेकताना हमखास घसरतो. मोठा रुमाल किंवा ओढणी मागे गाठ मारून बांधा. टोपी चालत नाही. माथा टेकून झाल्यावर मांडी घालून बसा. ग्रंथाकडे पाय करू नका. हुजूर साहिबच्या आतल्या खोलीत, अंगीठा साहिबपाशी (गुरू गोविंदसिंगांच्या अंत्यसंस्काराची जागा), फक्त पुजारी जातात. तुम्ही बाहेरूनच दर्शन घ्यायचं.

कडाह प्रसाद म्हणजे कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात घेऊन केलेला शिरा. तो दोन्ही हातांची ओंजळ करून घ्या. मधुमेह असेल तर 'थोडासा' म्हणा, पण नाकारू नका. तूप हाताला लागणारच, कपड्यांना पुसायच्या आत हात धुवा.

लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या मोफत सामुदायिक जेवणात, सगळे एकाच पंगतीत, जमिनीवर. वडिलांचे गुडघे दुखत असतील तर सेवादारांना सांगा, ते सोय करून देतात. पोळी ताटात पडायची वाट पाहू नका. दोन्ही हात पुढे करून घ्या, तिला 'प्रशादा' म्हणतात. जेवण शाकाहारी असतं. वाढपी पुन्हा पुन्हा येतो, म्हणून आधी थोडंच घ्या. नवख्यांची चूक इथेच होते: भरपूर घेतात आणि टाकतात. चपात्या लाटायला, भांडी घासायला माणसं नेहमीच लागतात. हात धुवायचे आणि मदतीला बसायचं.