मोटरसायकलवर रेडियमचे स्टिकर लावायचे आहेत. शोभाही यावी आणि रात्री गाडीही दिसावी, यासाठी कोणते व कोठे लावावेत?

आपली मोटरसायकल काळ्या रंगाची आहे, कामावरून परतायला रात्रीचे दहा वाजतात, आणि टाकीवर रेडियमचे ठसठशीत पट्टे लावून घेतले तर गाडीला शोभा येईल व मागून येणाऱ्यांनाही ती दिसेल, असे आपण लिहिले आहे. शोभेचा विचार योग्यच आहे. मागून दिसण्याचे काम मात्र टाकीवरच्या पट्ट्यांनी होत नाही, हे मी स्वतः खर्च करून शिकलो आहे.

माझीही गाडी काळीच आहे. तीन वर्षांपूर्वी मी तिच्या टाकीवर आणि दोन्ही साइड पॅनेलवर पांढऱ्या रेडियमचे पट्टे कापून घेतले. आमच्या सांगली भागात गळीत हंगाम सुरू झाला की रात्रभर उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि त्यांच्या मागे परावर्तक लावण्याची मोहीम घेतली जाते. ती पाहून आपल्या गाडीचीही एकदा परीक्षा घ्यावी असे मनात आले. धाकट्या भावाला गाडीवर बसवून, दिवे बंद करून, शेतरस्त्यावर शंभर पावलांवर पाठमोरे उभे केले आणि मी चारचाकीत बसून डिपर लावला. टाकीवरचे पट्टे त्याच्या मांड्यांआड पूर्ण लपले होते. दिसत होते ते केवळ नंबर प्लेट आणि टेललाइटखालचा कंपनीचा लहानसा तांबडा परावर्तक. गाडी आडवी उभी करायला सांगितल्यावर मात्र तेच पट्टे लख्ख उजळले.

शंभर पावले, म्हणजे साधारण साठ-सत्तर मीटर, हे अंतर मी मुद्दाम घेतले होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. पुढे काहीतरी आहे हे चालकाच्या लक्षात येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत दोन सेकंद गेले, तर तेवढ्यातच ३३ मीटर संपतात आणि कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी पंचवीस-तीस मीटर लागतात. म्हणजे साठ मीटरवरून जे दिसत नाही, त्याचा उपयोग फार थोडा.

ज्याला आपण सगळे रेडियम म्हणतो त्यात रेडियम हे मूलद्रव्य मुळीच नसते. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर रेडियमयुक्त चमकणारा रंग असे, बहुधा त्यावरूनच हे नाव रुळले असावे. या कागदात काचेचे अतिसूक्ष्म मणी किंवा बारीक लोलक बसवलेले असतात आणि ते प्रकाश जिकडून आला तिकडेच परत पाठवतात. चालकाचे डोळे त्याच्या दिव्यांच्या जवळपास असल्यामुळे त्याला ती पट्टी उजळलेली दिसते. यातूनच तिची मर्यादाही कळते: ज्याच्या दिव्याचा झोत आपल्यावर पडत नाही, त्याच्यासाठी ती पट्टी नसल्यासारखीच आहे. आडव्या रस्त्याने येणाऱ्या गाडीचा झोत आपल्यावर पडेपर्यंत पुष्कळदा उशीर झालेला असतो. म्हणून बंद पडलेल्या टेललाइटची जागा रेडियम कधीही घेऊ शकत नाही. पंक्चर झाले किंवा बॅटरी उतरली आणि अंधारात गाडी कडेला उभी करावी लागली, तर मात्र तीच पट्टी आपल्या बाजूने उभी राहते.

रंग निवडताना दिवसाच्या दिसण्यावर जाऊ नये. साध्या प्रतीच्या परावर्तक कागदासाठी अमेरिकी मानकात ठरवलेली किमान परावर्तनक्षमता पाहिली, तर पांढऱ्यासाठी ७०, पिवळ्यासाठी ५०, तांबड्यासाठी सुमारे १४ आणि निळ्यासाठी अवघी ४ कॅन्डेला प्रति लक्स प्रति चौरस मीटर इतकी आहे. म्हणजे तरुणांना आवडणारी निळी पट्टी पांढऱ्या पट्टीच्या सतराव्या हिश्शाइतकाच प्रकाश परत देते. आपल्या काळ्या गाडीसाठी माझी शिफारस काळ्या परावर्तक कागदाची आहे. तो दिवसा रंगात मिसळून जातो आणि झोत पडताच पांढरट उजळतो. पांढऱ्याइतका तो प्रखर नसतो, पण टाकीवर आणि साइड पॅनेलवर, जिथे आपल्याला मुख्यतः शोभा हवी आहे, तिथे तो फार देखणा दिसतो.

मागच्या बाजूस, म्हणजे मडगार्डच्या टोकाला आणि ग्रॅब रेलच्या (मागे बसणाऱ्याने धरायच्या दांडीच्या) दोन्ही कडांना, लोलकांच्या प्रतीचा तांबडा कागद लावावा. दोन्ही कडांना म्हणण्याचे कारण असे की एकच ठिपका किती दूर आहे हे चालकाला उमगत नाही. दोन ठिपक्यांमधले अंतर वाढताना दिसले की आपण जवळ येत आहोत हे त्याला चटकन कळते. पुढे तांबडा रंग लावू नये, कारण तांबडे म्हणजे वाहनाची मागची बाजू हा संकेत सर्वांच्या मनात पक्का आहे. बाजूने दिसण्यासाठी चाकांच्या रिमवरची बारीक पट्टी सर्वांत गुणकारी ठरते, कारण फिरणारी दोन वर्तुळे दिसली की ती दुचाकीच आहे हे सांगावे लागत नाही. एका बाजूच्या एका रिमला साधारण दीड मीटर पट्टी लागते, तेव्हा दोन्ही चाकांसाठी सहा मीटर धरावी.

चिकटवण्यापूर्वी पॉलिश आणि तेलाचा अंश आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा, कारण पट्टी उचकटते ती बहुतेक या एका हयगयीमुळे. कोपरे कात्रीने गोल करावेत, उन्हात तापलेल्या पत्र्यावर काम करू नये, आणि नंतर एक दिवस गाडी धुऊ नये. वॉशिंग सेंटरवर पाण्याचा फवारा थेट कडांवर मारू देऊ नये. सायलेन्सर, ब्रेकची डिस्क, दिव्यांच्या काचा आणि इंडिकेटर यांवर काहीही चिकटवू नये. गाडीचा रंग मॅट असेल तर आधी न दिसणाऱ्या जागी लहान तुकडा लावून आणि काढून पाहावा.

पोलीस अडवतील का, हेही आपण विचारले आहे. अशा पट्ट्यांनी गाडीचा नोंदणीतला रंग बदलत नाही. संपूर्ण गाडी दुसऱ्या रंगाच्या कागदात मढवली तर मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा प्रश्न येतो आणि नोंदणीपुस्तकात बदल करून घ्यावा लागतो. नंबर प्लेटवर कोणतीही पट्टी नको. उच्च सुरक्षा नंबर प्लेट मुळातच परावर्तक असते, आणि दुचाकीच्या मागची २०० बाय १०० मिलिमीटरची ती प्लेट हाच आपल्या गाडीवरचा सर्वांत मोठा आयता परावर्तक आहे. पावसाळ्यात ती चिखलाने माखलेली ठेवणे आणि वर महागडे स्टिकर लावणे यात मला काही अर्थ दिसत नाही.

दुकानात कागद घेताना मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी बाजूला, कानशिलाशी धरून आठ-दहा पावलांवरून पाहावे. खरा परावर्तक कागद तेव्हा भगभगून उठतो आणि नुसता चमचमणारा रंगीत कागद निस्तेजच राहतो; दुकानदाराला न विचारता तेवढ्यावर निर्णय घेता येतो.