घरात एकाला उलट्या-जुलाबाचा विषाणू झालाय, बाकीच्यांना कसं वाचवायचं? शनिवारचा कार्यक्रम रद्द करावा का?

शनिवारचा कार्यक्रम पुढे ढकला. तुम्ही हे अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता विचारलंय, पण खरा प्रश्न तोच आहे. मोठ्या मुलाला कालपासून उलट्या-जुलाब, डॉक्टर म्हणाले नोरोव्हायरस असावा, धाकटी दोन वर्षांची, सॅनिटायझर आणून ठेवलंय आणि शनिवारी घर भरून माणसं जेवायला. शनिवारपर्यंत तुमचा मुलगा टुणटुणीत दिसायला लागेल. खरी मेख तिथेच आहे.

सॅनिटायझरचं आधी उरकते. त्याच्या भरवशावर राहू नका. अल्कोहोलने जे विषाणू पटकन मरतात त्यांच्याभोवती चरबीचं आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं. नोरोव्हायरसला ते आवरणच नाही, नुसतं प्रथिनाचं कवच आहे. साबणसुद्धा त्याला मारतो असं नाही. साबण त्याला हातावरून सोडवतो आणि वाहतं पाणी त्याला मोरीत नेऊन सोडतं. म्हणून 20 सेकंद चोळायचं, नखांत, अंगठ्यांच्या बेचक्यात, आणि धार सोडून धुवायचं. बाटली पर्समध्ये राहू दे, पण तिला हात धुणं म्हणू नका.

आता मी इतकी तावातावाने का लिहितेय ते सांगते.

काही वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या वाढदिवसाला सगळं घर आमच्याकडे जमलं होतं. स्वयंपाक झाडून सगळा माझ्या हातचा, बाहेरून काही मागवलं नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान होता. अजूनही आहे. रविवारी दुपारी नणंद सहकुटुंब आली. तिचा मुलगा दारातून आत आला तोच पांढराफटक. बूट काढेपर्यंतही थांबला नाही, हॉलमध्ये सोफ्याच्या पायाशी भडाभडा ओकला. "गाडी लागली त्याला," नणंद म्हणाली. सगळ्यांनी "अरे रे, गाडी लागली" म्हणून माना डोलावल्या. तिने टिश्यूने पुसलं, वर माझ्या ओट्यावरचं फडकं ओलं करून फिरवलं, ते फडकं नुसतं पिळून परत सिंकच्या कडेला वाळत टाकलं, हातांना सॅनिटायझर चोळलं आणि ताटं मांडायला लागली. मी गॅसपाशी होते. फडक्याचं मला फार नंतर कळलं.

जेवणं झाली, फोटो झाले, लोक आपापल्या घरी गेले. सोमवारी संध्याकाळी सासूबाईंना पहिली उलटी झाली. रात्री नवरा, मग मी, मग माझी मुलगी. मंगळवारी सकाळपर्यंत आमच्याकडे आणि पाहुण्यांकडे मिळून निम्म्याहून जास्त लोक आडवे. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही. संडासाच्या दारात बादली घेऊन पाळी लावून बसलेलं कुटुंब, एवढंच सांगते.

आणि मंगळवारी दुपारी नणंदेचा फोन. "वहिनी, जेवणात काहीतरी गडबड झाली असणार ग."

त्या एका वाक्याने माझं जे नाव झालं ते पुढे कितीतरी वर्षं पुसलं नाही. आमच्याकडे जेवायला यायचं म्हटलं की दीर म्हणायचे, "दुसऱ्या दिवशीची रजा टाकूनच येतो." सगळे हसायचे. मीही हसायचे, कारण दुसरं करणार काय. पण डोक्यात ते राहिलंच होतं आणि मी वाचत गेले.

पहिली गोष्ट, वेळ. शिजवून बाहेर राहिलेल्या अन्नात जिवाणूंचं विष तयार झालं असेल, तर ओकाऱ्या साधारण अर्ध्या तासात ते सहा-आठ तासांत सुरू होतात. माझ्या जेवणात तसं काही असतं तर रविवारी रात्रीच रांग लागली असती. नोरोव्हायरसला शरीरात शिरल्यापासून 12 ते 48 तास लागतात. रविवार दुपार ते सोमवार संध्याकाळ, मोजा.

दुसरी गोष्ट, सासरे. त्यांची आदल्या दिवशी दाढ काढली होती. स्वतःच्या वाढदिवसाला त्यांनी माझ्या हातचा एक घास खाल्ला नाही, दिवसभर घरून आणलेल्या दुधावर होते. मंगळवारी तेही पडले. आणि दीर, ज्यांनी दोनदा वाढून घेतलं आणि वर डबा भरून नेला, त्यांना काहीही झालं नाही! तो प्रकार घडला तेव्हा ते गॅलरीत दार ओढून ऑफिसच्या फोनवर होते, आत आले तेव्हा ओकारी पुसून झाली होती. आजारी पडलेले बहुतेक सगळे सोफ्याच्या आसपास बसलेले.

हे मी ओढूनताणून जुळवत नाहीये. 1998 च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या एका हॉटेलात जेवताना एका बाईला टेबलापाशीच उलटी झाली. नंतर तपास झाला तेव्हा दिसलं की तिच्या टेबलावरचे जवळजवळ सगळे आजारी पडले, आणि टेबल जितकं लांब तितके आजारी कमी. उलटी जमिनीवर पडताना तिचे बारीक तुषार हवेत उडतात, ते नाकातोंडात जातात, ताटावर, कपड्यांवर, खुर्चीच्या पाठीवर बसतात. किती लागतात? काही डझन कणही आजारी पाडायला पुरू शकतात. एका ओकारीत ते कोट्यवधी असतात. 2010 मध्ये अमेरिकेत मुलींच्या एका फुटबॉल संघात साथ पसरली ती पिशवीतल्या खाऊमुळे. आजारी मुलीने त्या पिशवीला हातही लावला नव्हता, ती ज्या बाथरूममध्ये ओकत होती तिथे पिशवी ठेवलेली होती, बस.

तिसरी गोष्ट मला भाच्यानेच सांगितली, पुढच्या सुट्टीत, सहज बोलता बोलता. त्या आठवड्यात त्याच्या वर्गातली अर्धी मुलं गैरहजर होती आणि त्या रविवारी पहाटे घरीही त्याला एक उलटी झाली होती. मग तो झोपला, उठला तेव्हा बरा वाटला, म्हणून आणलं. म्हणजे गाडीचा काही संबंधच नव्हता. या विषाणूला नाव मिळालं तेही एका शाळेतल्या साथीमुळेच, त्या गावावरून. 1968 मध्ये अमेरिकेत ओहायोतल्या नॉरवॉक गावी एका प्राथमिक शाळेत निम्मी मुलं नि शिक्षक आजारी पडले, मग त्यांच्या घरचे. 1972 मध्ये विषाणूंचे अभ्यासक अल्बर्ट कॅपिकियन यांनी त्याच नमुन्यांत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तो पाहिला.

नणंदेला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण तुझ्याकडे तपासणी कुठे आहे?" नव्हती, कोणीच नमुना दिला नव्हता. पण प्रयोगशाळा हाताशी नसताना साथ ओळखायच्या कसोट्या 1982 पासून वापरात आहेत, कॅप्लन यांच्या. आजाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना उलट्या, लागण ते लक्षणं यांत सरासरी 24 ते 48 तास, आजार सरासरी 12 ते 60 तासांत आटोपणं, आणि शौचाच्या तपासणीत जिवाणू न सापडणं. शेवटचं सोडलं तर आमचं घर सगळ्यांत बसतं. तिला अजून पटलेलं नाही. तुम्हाला पटलं तरी चालेल.

तर तुमच्याकडे काय करायचं. उलटी झाली की आधी सगळ्यांना, विशेषतः धाकटीला, खोलीबाहेर काढा, खिडक्या उघडा. हातमोजे, तोंडाला मास्क, टाकून द्यायचे कागद. आधी घाण उचलायची, मगच ब्लीच. घाणीवर थेट ओतलं तर त्याचा जोर घाणीतच संपतो. बाटलीवर 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइट लिहिलेलं असेल तर लिटरभर पाण्यात 20 मिली घातलं की 1000 पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) होतं, जिथे प्रत्यक्ष पडलंय तिथे 100 मिलीपर्यंत घाला. लावून लगेच पुसू नका, पाच मिनिटं ओलं राहू द्या. द्रावण रोजचं रोज करा. आणि संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर ते चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. नुसती लादी नाही, दाराची कडी, नळाची तोटी, फ्लशचं बटण, लाइटची बटणं, मोबाइल आणि रिमोटही पुसा (मोबाइल-रिमोटला ब्लीच चालत नसेल तर निदान पोराच्या हातात देऊ नका). ओकारीवर व्हॅक्यूम क्लीनर फिरवू नका. कपडे झटकू नका, तसेच गुंडाळून मशीनमध्ये, जमेल तितक्या गरम पाण्यात. आणि ज्याने पुसलं ते फडकं टाकून द्या! ओट्यावरचं फडकं लादीला लावणारी माणसं मला कळत नाहीत.

दोन बाथरूम असतील तर एक आजारी मुलाला देऊन टाका. एकाच मोठ्या माणसाने त्याचं करावं आणि त्याच माणसाने स्वयंपाकघरात शिरू नये. घरात माणसंच कमी असली तर हे जमत नाही, मान्य, मग निदान दर वेळी हात धुऊनच आत.

आता 48 तास. उलट्या-जुलाब थांबल्यापासून पुढचे 48 तास शाळा नाही, पाहुणे नाहीत, आणि मोठ्यांपैकी कोणी आजारी असेल तर त्याने दुसऱ्यांसाठी स्वयंपाक करायचा नाही. हे घड्याळ शेवटच्या जुलाबापासून सुरू होतं, पहिल्या उलटीपासून नाही. बरं वाटल्यावरही विषाणू शौचातून बाहेर पडत राहतो, दोन आठवडे किंवा जास्तही, फक्त पहिले दोन दिवस सगळ्यांत वाईट. लोक नेमकं इथेच घसरतात. "आता थांबलंय ना" म्हणतात आणि पोराला नवे कपडे घालून बाहेर काढतात. कालपासून सुरू झालेला आजार उद्या थांबला तरी तुमचे 48 तास शनिवारच्या अंगावर येतात, आणि तोवर घरातला पुढचा कोणी सुरू झालेला असेल.

औषध नाही. अँटिबायोटिक मागू नका, विषाणूवर ते चालत नाही. लस अजून बाजारात नाही (बाळांना देतात ती रोटाव्हायरसची, तो वेगळा). दोन-तीन दिवस काढायचे आणि अंगातलं पाणी जाऊ द्यायचं नाही, एवढंच उपचार म्हणून हातात आहे, आणि ते थोडं नाही. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती, सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून वाटायला लावलं आणि मृत्यूंचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. साखरेचा कण आतड्यात शिरताना मिठालाही आत ओढून नेतो आणि त्यामागे पाणी जातं, म्हणून दोन्ही लागतात. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ओआरएस कालवा, कमी नाही, जास्त नाही. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पाजा. घटाघटा दिलं की सगळं परत बाहेर. कोल्ड्रिंक नको, त्यात साखर इतकी असते की जुलाब वाढतात. भूक लागली तर खाऊ द्या. मुलांना उपाशी ठेवायची जुनी पद्धत माझ्या सासूबाईंचीही होती, त्यावर वेगळं भांडण झालं, ते पुन्हा कधीतरी.

अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध चालूच ठेवायचं. जुलाब थांबवायच्या गोळ्या लहान मुलांना परस्पर देऊ नका.

प्रामाणिकपणे हेही सांगते की अन्न नेहमीच निर्दोष असतं असं नाही. कच्चे शिंपले, न धुतलेली पालेभाजी, आजारी माणसाने हाताळलेलं तयार खाणं, यांतून नोरोव्हायरस पसरतो, आणि 60 अंशांच्या आसपासच्या उष्णतेतही तो तग धरतो. पण स्वयंपाक करणारी बाई सगळ्यांच्या आधी नाही, सगळ्यांबरोबरच आजारी पडते, तेव्हा तिच्याकडे बोट दाखवण्याआधी हॉलमध्ये काय झालं ते आठवावं. दिरांचंही सगळं गॅलरीमुळेच असं नसेल. काही लोकांच्या आतड्यात, विषाणूला चिकटायला जी साखरेची खूण लागते ती जन्मतःच नसते, त्यांना काही प्रकार बाधतच नाहीत. अशी माणसं "आम्हाला कधी काही होत नाही, तुमचीच पोटं नाजूक" म्हणत फिरतात.

पाहुण्यांना फोन करताना "जरा पोट बिघडलंय" असं गुळमुळीत सांगू नका, लोक "काही हरकत नाही" म्हणून येतातच. "घरात उलट्यांची साथ आहे, तुमच्या पोरांना लागेल" असं सांगा.

मी डॉक्टर नाही. धाकटीला लागण झाली तर ती दोनच वर्षांची आहे, तिच्यात पाणी फार लवकर कमी होतं. सात-आठ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, डोळे खोल गेले, गुंगी आली, शौचात रक्त दिसलं किंवा घोटभर पाणीही पोटात ठरेना, तर हे उत्तर वाचत बसू नका, तिला घेऊन दवाखान्यात जा. घरातले म्हातारे आणि गरोदर बाईलाही हेच लागू.