सिस्टरबाईंना विचारा : दातावर गेलेली राजकन्या

प्रश्न : नमस्कार सिस्टरबाई. माझी नात पुण्याला चित्रकला शिकते. सुट्टीत आली तेव्हा तिनं मोबाइलवर एक जुनं चित्र दाखवलं. फ्रान्सची राणी, भोवती तीन लेकरं आणि शेजारी रिकामा पाळणा. त्या पाळण्यातली मुलगी वर्षाच्या आतच गेली, दात येताना आकडी आली म्हणे. राजाच्या घरी वैद्यांना काय तोटा? आमच्या सासूबाई पण म्हणायच्या, लेकरं दातावर जातात. माझा धाकटा नातू आठ महिन्यांचा आहे. खालचे दोन दात दिसायला लागलेत आणि परवापासून जुलाब होताहेत. मला रात्र-रात्र झोप नाही. खरंच दातानं लेकरू जातं का? आणि रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, त्यात काही तथ्य आहे का?
– एक आजी, जिंतूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचलं आणि आधी तुम्हाला फोन लावला, कारण अंक छापून येईपर्यंत जुलाब कुणाची वाट बघत नाहीत. नातू आता खेळतोय हे तुम्हीच सांगितलंत, म्हणून आता निवांत लिहिते. ते चित्र मीही मुलाला सांगून मोठं करून बघितलं. पुन्हा पुन्हा बघितलं.

राजकन्येचं नाव सोफी. जन्म 9 जुलै 1786, मृत्यू 19 जून 1787, दोन्ही व्हर्सायच्या राजवाड्यात. म्हणजे अकरा महिने दहा दिवस. पंचवीस-तीस वर्षं जन्म-मृत्यूच्या नोंदी केलेल्या बाईला हा हिशोब आपसूकच करावासा वाटतो. बाप राजा लुई सोळावा, आई मारी आंत्वानेत, आणि हे तिचं चौथं बाळंतपण. राजाच्या एका आत्याचं नाव सोफी होतं, ती 1782 मध्ये वारली होती, तिचंच नाव ठेवलं. पोरीला झटके येऊ लागले, दात निघत होते, म्हणून दोष दातांच्या माथी गेला. तिचा थोरला भाऊ पुढे दोन वर्षांनी, 4 जून 1789 ला, साडेसात वर्षांचा असताना मणक्याच्या क्षयानं गेला. त्यामुळे हिलाही क्षयच असावा असा संशय नंतर लोकांनी घेतला. नक्की कोण सांगणार?

तोटा वैद्यांचा नव्हताच. त्या काळी वैद्यांनाच दात हे मरणाचं कारण वाटायचं. लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जायची, तिच्यात 'दात' असा वेगळा रकाना असे. फ्रान्सचाच अँब्रोझ पारे हा सोळाव्या शतकातला नावाजलेला शस्त्रवैद्य. दात बाहेर यायला वाट मिळावी म्हणून बाळाच्या हिरड्या चिरायच्या, हे त्यानं लिहून ठेवलं आणि पुढे तीनेकशे वर्षं डॉक्टर ते करत राहिले. न उकळलेलं पातं, आधीच तापानं फणफणलेलं लेकरू. मला वाचूनच कसंतरी झालं. त्या वेळी फ्रान्समध्ये जन्मलेल्या चार मुलांतलं साधारण एक पहिल्या वाढदिवसाआधी जायचं. त्यात राजवाडा काय अन् झोपडी काय.

पण मी कुणाला हसणार, ताई? 1984 साली मी नवीन आरोग्यसेविका होते, गोदाकाठच्या एका उपकेंद्रात. आषाढ होता, नदीला गढूळ पाणी आलेलं. सात महिन्यांचं लेकरू तीन दिवस जुलाबानं बेजार होतं. आजीनं पाणी बंद केलं होतं, 'पाणी पाजलं की जास्तच लागतं' म्हणून. अंगणवाडीच्या बाईनं निरोप दिला तसं मी चिखल तुडवत गेले. लुगड्याच्या झोळीत लेकरू पडलेलं. टाळू एवढी खोल गेली होती की माझ्या बोटाचं टोक तिच्यात बसलं. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर घडी तशीच उभी. तोंडात मात्र खालच्या हिरडीवर दोन पांढरी टोकं, तांदळाच्या कण्यांसारखी. माझ्या पिशवीत जलसंजीवनीची दोन पाकिटं होती, ती कालवली, चमच्यानं पाजायला लागले, पण घोट गिळायचं त्राणच उरलं नव्हतं. बैलगाडी जुंपेपर्यंत सगळं आटोपलं.

आजी म्हणाली, "दातावर गेलं बाई." आणि मी वहीतल्या कारणाच्या रकान्यात लिहिलं : दात. पुढच्या महिन्यात डॉक्टर वही तपासायला आले, त्यांनी लाल पेनानं त्यावर काट मारली. "सिस्टर, दातानं मूल मरत नसतं. तिथं जुलाब लिहा, पाणी कमी झालं लिहा. दात लिहिलं की पुढच्या लेकराला कुणी पाणी पाजणार नाही." चारचौघांत बोलले. तेव्हा राग आला होता.

आता हे जुळून का येतं ते सांगते. दात साधारण सहाव्या महिन्यापासून निघतात. नेमकं तेव्हाच लेकरू रांगायला लागतं, भुईवरचं जे दिसेल ते तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू होतं, आणि आईकडून पोटात असताना मिळालेली ताकद ओसरलेली असते. तेवढ्यात जुलाब लागतात, ताप येतो. दात तिथं समोर दिसतो म्हणून आळ त्याच्यावर. खुद्द दातानं हिरडी जरा सुजते, लाळ गळते, लेकरू चिडचिड करतं, इतकंच. अंग फणफणलं किंवा पातळ जुलाब लागले तर ते दुखणं वेगळं आहे.

जुलाबात पाणी तोडू नका. जलसंजीवनीचं एक पाकीट पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, साधारणपणे एका लिटरमध्ये, उकळून गार केलेल्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि तोही सपाटच. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी आली आणि सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं पाणीच पिंपात भरून लोकांना पाजायला लावलं. तेवढ्यावर मरणारी माणसं वाचली. अंगावरचं दूध चालू ठेवा. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडून घ्या, त्या चौदा दिवस द्यायच्या असतात, जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. डोळे खोल गेले, लेकरू मलूल पडलं, लघवी कमी झाली, शीमध्ये रक्त दिसलं किंवा घोटभरही पोटात टिकेना, तर दवाखाना, लगेच. आणि झटके आले तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा-बोट काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवणं ठेवा बाजूला, त्यात वेळ जातो, दुसरं काही होत नाही.

तुमच्या नातवाच्या दंडावर बीसीजीचा व्रण असेल, बघा. ती क्षयाची लस माणसाला पहिल्यांदा टोचली नाही तर पाजली गेली, 1921 मध्ये, पॅरिसमध्येच, आई क्षयानं गेलेल्या एका तान्ह्या बाळाला. सोफीच्या घरापासून फार लांब नाही ते. फक्त उशीर झाला, सव्वाशेच्या वर वर्षांचा.

चित्र एलिझाबेथ विजे-ल-ब्रं या चित्रकर्तीनं काढलंय. राणीच्या अंगावर लाल मखमल, मांडीवर धाकटा, दंडाला बिलगलेली थोरली. ठगांनी राणीचं नाव सांगून हिऱ्यांचा महागडा हार उकळला होता, त्या भानगडीनं राणीचं नाव खराब झालं होतं, तेव्हा लोकांना दिसावं की ही चांगली आई आहे, म्हणून ते काढून घेतलं. ते पूर्ण होण्याआधी पाळण्यातली गेली. पुढे थोरला मुलगाही गेल्यावर येता-जाता ते चित्र दिसलं की राणीला रडू यायचं, म्हणून तिनं ते उतरवायला लावलं, असं चित्रकर्तीनं आपल्या आठवणींत लिहिलंय. सोफीला सँ-दनीच्या चर्चमध्ये पुरलं होतं, जिथं फ्रान्सचे राजे पुरलेले. ऑक्टोबर 1793 मध्ये क्रांतिकारकांनी त्या कबरी उकरून हाडं खड्ड्यात टाकली. त्याच महिन्याच्या 16 तारखेला आईला गिलोटिनवर, म्हणजे मुंडकं उडवायच्या यंत्रावर, नेलं होतं.

आपल्याकडं तान्हं लेकरू पुरतात, वर एखादा दगड, बस. घरी जाऊन विचारलं की बाई सांगते, "चार बाळंतपणं, जिती तीन." वहीत आम्ही दोन्ही आकडे लिहायचो. चित्रातला थोरला मुलगा रिकाम्या पाळण्याकडं बोट दाखवतो ना, तसंच काहीतरी ते.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. रिकामा पाळणा हलवल्यानं काही होत नाही, मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत तसं काही पाहिलेलं नाही. आमच्या घरातला पाळणा नातींची पाळी संपली तशी माळ्यावर गेलाय. गेल्या आठवड्यात झाडायला खाली काढला, सून त्याला धक्का द्यायला गेली, आणि माझा हात आपोआप पुढं होऊन तो थांबवला.