फोल्डर उघडायची वाट पाहू नका, आधी दावा लावा

जुना लॅपटॉप बंद पडला, त्यातली डिस्क बाहेरच्या केसमध्ये घालून दुसऱ्या संगणकाला जोडली आणि एन्क्रिप्ट केलेल्या (पासवर्डने कुलूपबंद केलेल्या) होम फोल्डरमध्ये एक रीडमी आणि एक शॉर्टकट यांपलीकडे काही दिसेना. अशी पत्रं मला वरचेवर येतात. तुमचंही तसंच: तुमच्या डिस्कमध्ये वर्क ऑर्डर, बिलं आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार अडकला आहे. काम पूर्ण होऊन दोन वर्षं दहा महिने झाले, पैसे आलेले नाहीत आणि तुम्ही लिहिता, "डिस्क उघडली की दावा लावतो." तुमचं सगळं प्रकरण या एका वाक्यामुळे बुडू शकतं.

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे केलेल्या कामाच्या पैशांसाठी तीन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. पैसे देण्याची वेळ ठरलेली नसेल, तर ही तीन वर्षं काम पूर्ण झाल्या दिवसापासून मोजतात. वर्क ऑर्डरमध्ये 'बिलानंतर ४५ दिवसांत' असं कलम असल्याचं तुम्हाला आठवतं. ते खरं असेल तर थोडी सवड मिळेल. पण ते कलम त्याच बंद फोल्डरमध्ये आहे! तेव्हा ते नाहीच असं धरून दिवस मोजा. हातात जेमतेम दोन महिने उरतात. मुदत कायद्यातलं उशीर माफ करण्याचं कलम ५ अपिलांसाठी आणि अर्जांसाठी आहे, दाव्यासाठी नाही. "डेटा उघडत नव्हता" हे कोर्टाला सांगून काहीही हाती लागणार नाही.

ग्राहक फोनवर "पुढच्या महिन्यात देतो" म्हणत राहिला आणि तुम्ही थांबत राहिलात. तोंडी आश्वासनाने मुदत वाढत नाही. पैसे देणं लागतो हे मुदत संपण्याआधी त्याने सहीनिशी लेखी कबूल केलं, तरच कलम १८ खाली नवी मुदत सुरू होते. ई-मेलवरची कबुली पुरेल की नाही, यावर वाद होऊ शकतो. सहीचा कागद मिळाला तर उत्तम.

सगळे कागद हातात नसतानाही दावा लावता येतो. जे कागद तुमच्या ताब्यात नाहीत ते कुठे आहेत, कोणाकडे आहेत, हे दाव्यासोबतच्या यादीत लिहा. आत्ता न लिहिलेला कागद पुढे दाखल करायला कोर्टाची परवानगी लागते. आगाऊ रक्कम आल्याचा बँकेचा उतारा, मेल सर्व्हरवर राहिलेले मेल, ग्राहकाकडच्या प्रती, हे सगळं डिस्कशिवाय मिळू शकतं. प्रकरण व्यापारी न्यायालयाचं ठरलं तर आधी मध्यस्थीची पायरी येऊ शकते. ते तुमच्या वकिलाने तपासावं.

आता डिस्क. तिच्यावर दुरुस्तीची सॉफ्टवेअर चालवलीत, फाइलींची मालकी बदललीत; कृपा करून आता थांबा. आधी तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, काढून हॅश (डेटात बदल झालेला नाही हे पडताळण्यासाठी त्यातूनच काढलेला सांकेतिक आकडा) नोंदवा आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर करा. डिजिटल पुराव्यासाठी लागणाऱ्या, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश मागितलेला आहे आणि त्यावर तज्ज्ञाचीही सही लागते.

उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या जुन्या आवृत्त्यांत असं एन्क्रिप्शन ई-क्रिप्ट-एफएस हे सॉफ्टवेअर करत असे. होमच्या खालच्या डॉट-ई-क्रिप्ट-एफएस फोल्डरमध्ये रॅप्ड-पासफ्रेज नावाची फाइल शाबूत असेल, तर तुमचा जुना लॉगिन पासवर्ड पुरतो. त्याच संचातली रिकव्हर-प्रायव्हेट ही आज्ञा फोल्डर फक्त वाचण्यापुरता उघडते, आणि तुम्हाला तेवढंच हवं आहे. रूट, म्हणजे संगणकाचा मुख्य प्रशासक, म्हणून नवा पासवर्ड टाकून काही उघडत नाही, जुनाच लागतो. ती फाइल गेली असेल तर ३२ अक्षरांचा माउंट पासफ्रेज, म्हणजे फोल्डरची मूळ किल्ली, हाच मार्ग. तो लिहून ठेवा, असं प्रणाली सुरुवातीलाच सांगत असे. तुम्ही ठेवला नाहीत आणि त्याची किंमत आता मोजावी लागू शकते.

उघडेल की नाही, हे प्रत तपासल्यावरच कळेल. ते काम चालू राहू दे. काम कोणत्या तारखेला पूर्ण झालं हे दाखवणारं जे काही सापडेल ते घेऊन याच आठवड्यात वकील गाठा.