ओआरएसची अर्धी पुडी पेलाभर पाण्यात चालते का?

प्रश्न : माझी मुलगी चौदा महिन्यांची, वजन ९ किलो. गेल्या महिन्यात तिला जुलाब-उलट्या झाल्या. ती एका वेळी फार पीत नाही म्हणून ओआरएसची अर्धी पुडी पेलाभर पाण्यात कालवून दिली. सासूबाईंनी दूध बंद करायला लावलं. हे बरोबर होतं का? अंगातलं पाणी कमी झालंय हे ओळखायचं कसं?

उत्तर : पुन्हा असं कालवू नका. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्याची असते. अर्धी पुडी २०० मिलिलिटरमध्ये घातली की द्रावण अडीच पट तीव्र होतं. ते आतड्यात उलट पाणी ओढतं, जुलाब वाढतात. रक्तातलं सोडियम चढून झटकेही येऊ शकतात. शिवाय पुडी अर्धी करताना मीठ-साखर सारखी वाटली जात नाही. थोडंच हवं असेल तर २०० मिलिलिटरची छोटी पुडी मागा. पाणी उकळून गार केलेलं घ्या, कालवल्यावर उकळू नका, २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. पुडी नसेलच तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

आता ओळखणं. बेंबी आणि कूस यांच्या मधोमध पोटाची कातडी उभ्या चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक, हळूहळू बसली तर पाणी कमी आहे. दोन सेकंद किंवा जास्त लागले तर धोका. मूल फार अशक्त किंवा गुटगुटीत असेल तर चिमटा फसवतो, म्हणून बाकीचंही पाहा: चिडचिड, डोळे खोल, हपापून पिणं. डोळे नेहमीपेक्षा खोल गेलेत का, हे आईइतकं कुणालाच कळत नाही. यांतली दोन लक्षणं असली तर किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे तुमच्या मुलीला ६७५ मिलिलिटर, चार तासांत जायला हवं. हे शक्यतो आरोग्य केंद्रात, कुणाच्या देखरेखीखाली करा. नंतर पुन्हा तपासायचं असतं. दीड-दोन मिनिटांनी एक छोटा चमचा, इतकंच. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी सावकाश सुरू करा. बाटलीने घटाघटा पाजल्यानेच बऱ्याचदा उलटी होते.

लक्षणं नसतील तर प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर पुरे. अंगावरचं दूध मुळीच बंद करू नका; मऊ भात, वरण, केळं चालू ठेवा. सोबत झिंक २० मिलिग्रॅम रोज, १४ दिवस, जुलाब थांबले तरी. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या लहान मुलांना नकोत.

मूल ग्लानीत असेल, पीतच नसेल, शौचात रक्त असेल, सहा-आठ तास लघवी नसेल, तर थेट दवाखाना गाठा. तिथे सलाईन लागू शकतं.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे, रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. त्यांनाही चिमट्याने कळेल?

उत्तर : नाही. वयाने कातडी सैल होते, तहानही कमी लागते. जीभ कोरडी, लघवी कमी व गडद, उठताना चक्कर, नवा गोंधळ, हे पाहा. जुलाब सुरू होताच गोळीबद्दल डॉक्टरांना फोन करा. त्या दिवसांत ती थांबवावी लागू शकते.